विश्वासाने दिलेली माहिती कंपनीने बाहेर जाऊ दिली तर नुकसानभरपाईचा अर्ज कुठे आणि कसा करायचा

होम लोनसाठी एजंटला सॅलरी स्लिप, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पॅन, आधार सगळं व्हॉट्सअॅपवर पाठवलं आणि पुढच्या काही दिवसांत भलत्याच फायनान्सवाल्यांचे फोन सुरू झाले, समोरच्याला तुमचा पगार किती आणि हप्ता कुठल्या तारखेला कटतो हेसुद्धा माहीत. त्यातलाच कोणीतरी बँकेतून बोलतोय सांगून खात्यातले पैसे काढून घेतो. अशा वेळी लोक १९३० वर फोन करतात, सायबर पोलिसांत तक्रार देतात, आणि ते केलंच पाहिजे, पहिल्या तासाभरात केलं तर उत्तमच. पण पोलीस चोराच्या मागे जातात. ज्या कंपनीच्या हातून तुमची माहिती सुटली तिच्याकडून भरपाई मागायची असेल तर त्याची जागा वेगळी आहे आणि ती फार कमी लोकांना माहितीये, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ती जागा म्हणजे आयटी अॅक्ट २००० (माहिती तंत्रज्ञान कायदा) च्या कलम ४६ खालचा न्यायनिर्णय अधिकारी, ज्याला सगळे अॅडज्युडिकेटिंग ऑफिसर म्हणतात. प्रत्येक राज्याचा आयटी खात्याचा सचिव हाच त्या राज्याचा अॅडज्युडिकेटिंग ऑफिसर असतो, केंद्र सरकारने २००३ मध्येच तसा आदेश काढलाय, म्हणजे महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर मंत्रालय, मुंबई. ५ कोटींपर्यंतचा दावा त्यांच्यासमोर चालतो, त्याच्या वरचा असेल तर कोर्ट. त्यांना दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, साक्षीदार बोलावता येतात, कागद मागवता येतात.

आता कायद्यात नेमकं काय आहे ते बघू. कलम ४३ए म्हणतं की एखाद्या कंपनीकडे तुमची संवेदनशील माहिती तिच्या कॉम्प्युटर सिस्टीमवर आहे, ती सांभाळायला जी वाजवी सुरक्षा ठेवायला हवी त्यात तिने हलगर्जीपणा केला आणि त्यामुळे कोणाचं नुकसान झालं किंवा कोणाला गैरफायदा मिळाला, तर ती कंपनी भरपाई द्यायला बांधील आहे. मग वाजवी सुरक्षा म्हणजे किती? इथे खरी गोम आहे. कायदा सांगतो की सगळ्यात आधी बघायचं ते दोघांमधल्या करारात काय लिहिलंय ते, नाहीतर एखाद्या कायद्यात काय सांगितलंय ते, आणि यातलं काहीच नसेल तर केंद्र सरकारने घालून दिलेले नियम. म्हणजे तुम्ही ज्या फॉर्मवर न वाचता सही केली किंवा ॲपमध्ये ज्या 'आय अॅग्री' वर टिक केली, तोच कागद तुमचा पहिला पुरावा आहे. त्यात कंपनीने लिहून दिलेलं असतं की आम्ही डेटा एन्क्रिप्ट करून ठेवतो, थर्ड पार्टीला देत नाही, गरज संपली की डिलीट करतो. हे शब्द त्यांनी स्वतःहून दिलेले आहेत आणि ते पाळले नाहीत हे दाखवता आलं तर अर्जाचा निम्मा भार हलका होतो. त्यामुळे माझं कळकळीचं सांगणं आहे, वकील शोधायच्या आधी करार शोधा.

करार म्हणजे स्टॅम्प पेपरच असं काही नाही. लॅबचा रजिस्ट्रेशन फॉर्म, लोनचा अर्ज, जिमचं मेंबरशिप फॉर्म, विम्याचं प्रपोजल, ॲपच्या टर्म्स आणि प्रायव्हसी पॉलिसी, नोकरीच्या ऑफर लेटरमधला डेटाचा परिच्छेद, सगळं चालतं. वेबसाईटवरची पॉलिसी मात्र आजच्या आज पीडीएफ करून ठेवा, खाली तारीख आणि वर लिंक दिसेल अशी, कारण भानगड झाली की ते पान बदलायला वेळ लागत नाही.

अर्ज कोण करू शकतं? ज्याची माहिती आहे आणि ज्याचं नुकसान झालंय तो माणूस. कोणाविरुद्ध? कायद्यात शब्द 'बॉडी कॉर्पोरेट' आहे पण त्यात फक्त मोठ्या कंपन्या नाहीत, पार्टनरशिप फर्म, एकट्या मालकाचं दुकान, धंदा किंवा व्यवसाय करणारी कुठलीही मंडळी येतात, म्हणजे गल्लीतला लोन एजंट आणि डॉक्टरांचं क्लिनिकसुद्धा. सरकारी ऑफिस मात्र यात येत नाही, नगरपालिकेच्या फाईलमधून माहिती गेली तर ४३ए लावता येत नाही.

आणि माहिती कुठली? आयटी अॅक्टखालच्या २०११ च्या नियमांत संवेदनशील माहितीची यादी आहे: पासवर्ड, बँक खातं आणि कार्डासारखे आर्थिक तपशील, शारीरिक आणि मानसिक आरोग्याची माहिती, मेडिकल रेकॉर्ड, लैंगिक कल, बायोमेट्रिक. नुसतं नाव, पत्ता आणि मोबाईल नंबर यात बसत नाही, आणि इथेच बरेच अर्ज अडकतात, कारण लोक लिहितात की माझा नंबर विकला. नंबर विकला हे चूकच आहे पण त्याला दुसरा रस्ता आहे, खाली सांगतो. शिवाय नुकसान दाखवावं लागतं. नुसता मनस्ताप झाला, फोन येऊन डोकं उठलं, एवढ्यावर ४३ए चा अर्ज टिकवणं कठीण जातं. पैसे गेले, कर्ज तुमच्या नावावर निघालं, रिपोर्ट बाहेर गेल्यामुळे नोकरी गेली, असं काहीतरी कागदावर दाखवता येणारं पाहिजे.

अर्ज करायच्या आधी एक पायरी आहे ती चुकवू नका. याच २०११ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला ग्रिव्हन्स ऑफिसर, म्हणजे तक्रार निवारण अधिकारी, नेमून त्याचं नाव आणि संपर्क वेबसाईटवर टाकावा लागतो आणि त्याने एका महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची असते. त्याला ईमेल करा, फोनवर बोलू नका. ईमेलमध्ये तीन गोष्टी विचारा, माझी कुठली माहिती तुमच्याकडे आहे, ती कोणाकोणाला दिली, कुठल्या संमतीवर दिली, आणि त्या काळातले ॲक्सेस लॉग, म्हणजे कोणी काय कधी उघडलं याच्या नोंदी, जपून ठेवा असंही लिहा. हा लॉगचा मुद्दा मी मुद्दाम सांगतोय. सर्ट-इन, म्हणजे केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा, तिच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे कंपन्यांना सिस्टीमचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, म्हणजे तुम्ही सात-आठ महिने विचार करत बसलात तर कोणी तुमची फाईल कधी उघडली हे सांगणारा पुरावा उडून गेलेला असू शकतो, आणि तेव्हा कंपनी कायदा मोडून नाही तर कायद्याप्रमाणेच तो उडवून मोकळी झालेली असते. लेखी मागणी आधीच केलेली असेल तर त्यांना हात वर करता येत नाहीत.

फॉर्मचं बघू. वेगळा छापील फॉर्म विकत घ्यायचा नाहीये, अॅडज्युडिकेटिंग ऑफिसरच्या कामकाजाचे २००३ चे नियम आहेत, त्यांना जोडलेला एक नमुना आहे तो साध्या कागदावर टाईप करायचा. त्यात तुमचं नाव, ईमेल, फोन, पत्रव्यवहाराचा पत्ता, मग समोरच्या पार्टीचं तेच सगळं, मग किती भरपाई मागताय तो आकडा, फी भरल्याचा तपशील, कुठल्या कलमाखाली तक्रार, कधी घडलं, कुठे घडलं, आणि शेवटी थोडक्यात हकीकत. समोरच्या पार्टीच्या रकान्यात एकच नाव टाकून थांबू नका. लोनच्या उदाहरणात एजंट आणि बँक दोघांनाही टाका, कारण आरबीआयच्या आउटसोर्सिंगच्या नियमांप्रमाणे बँकेने काम बाहेर दिलं म्हणून तिची जबाबदारी संपत नाही, आणि एजंटबरोबरच्या करारात ग्राहकाची माहिती गोपनीय ठेवायची अट घालणं बँकेवर बंधनकारक आहे. तो करार तुमच्याकडे नसतो, पण तो मागवून घ्या अशी विनंती अर्जातच करायची.

'कुठे घडलं' हा रकाना छोटा दिसतो पण महत्त्वाचा आहे, कारण अर्ज कुठल्या राज्यात करायचा हे संबंधित कॉम्प्युटर किंवा नेटवर्क कुठे आहे त्यावर ठरतं. तुमचा फोन नाशिकला, एजंटचं ऑफिस ठाण्याला असेल तर महाराष्ट्रात काही अडचण नाही. कंपनीचं सगळं काम बाहेरच्या राज्यातून चालत असेल तर महाराष्ट्राशी कॉम्प्युटरचा संबंध कसा येतो ते दोन ओळीत इथेच लिहा, उदाहरणार्थ कागद पुण्याच्या ब्रांचमध्ये स्कॅन करून सिस्टीमवर चढवले.

हकीकत लिहिताना राग बाजूला ठेवून तारखांप्रमाणे लिहा. 'अमुक तारखेला अमुक फॉर्म भरला, त्याच्या अमुक नंबरच्या कलमात कंपनीने माहिती तिसऱ्याला न देण्याचं मान्य केलं, अमुक तारखेला अमुक नंबरवरून फोन आला आणि समोरच्याने माझ्या स्टेटमेंटमधली ही नोंद वाचून दाखवली, त्याच दिवशी खात्यातून एवढी रक्कम गेली.' स्टेटमेंटमधली ती नोंद कंपनीशिवाय दुसऱ्या कोणाकडे नव्हती हे दाखवता आलं तर फार जोर येतो.

फी किती लागते हे सगळे विचारतात. अर्जाचे ५० रुपये, आणि त्याशिवाय दाव्याच्या रकमेवर: १० हजारांपर्यंत १० टक्के, १० ते ५० हजारांपर्यंत १ हजार अधिक १० हजारांच्या वरच्या रकमेवर ५ टक्के, ५० हजार ते १ लाख असेल तर ३ हजार अधिक ५० हजारांच्या वरच्या रकमेवर ४ टक्के, आणि १ लाखाच्या पुढे ५ हजार अधिक लाखाच्या वरच्या रकमेवर २ टक्के. म्हणजे २ लाखांचा दावा असेल तर ७ हजार अधिक ते ५०. डिमांड ड्राफ्ट काढायचा. त्यामुळे उगाच फुगवून आकडा टाकू नका, फी पण फुगते. आणि अर्ज खोडसाळ निघाला तर अधिकारी २५ हजारांपर्यंत दंड लावून समोरच्याचा खर्चही तुमच्याकडून घेऊ शकतो.

जोडायचे कागद: करार किंवा पॉलिसीची प्रत, माहिती दिल्याचा पुरावा म्हणजे ईमेल किंवा चॅट, ग्रिव्हन्स ऑफिसरचा पत्रव्यवहार, बँक स्टेटमेंट किंवा नुकसानीचं दुसरं काहीही, पोलीस तक्रारीची प्रत, ओळखपत्र. आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा कागद म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट. पूर्वी जुन्या पुरावा कायद्याच्या कलमावरून त्याला ६५बी म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू झालंय. आता त्यात दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलमध्ये बदल झालेला नाही हे तपासता येणारा तिचा कोड, द्यावी लागते. स्क्रीनशॉटची नुसती प्रिंट जोडून देऊ नका, आणि मूळ चॅट फोनमधून डिलीट करू नका, फोन बदलायचा असला तरी जुना तसाच ठेवा.

नुसता नंबर किंवा पत्ता बाहेर गेला असेल तर दोन रस्ते आहेत. पहिला आयटी अॅक्टचंच कलम ७२ए. सेवेचा करार पार पाडताना हाती आलेली कुणाचीही वैयक्तिक माहिती, नुकसान किंवा गैरफायदा होईल हे माहीत असून, त्या माणसाच्या संमतीशिवाय किंवा करार मोडून दुसऱ्याला दिली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. इथे 'संवेदनशील'ची अट नाही. पण हा फौजदारी गुन्हा आहे, तक्रार पोलिसांकडे, आणि तसा हेतू किंवा जाणीव होती हे सिद्ध व्हावं लागतं. दुसरा रस्ता ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्याला देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरलीये, तक्रार ऑनलाईन करता येते, दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत मात्र २ वर्षांची. एकाच पैशासाठी दोन्हीकडे अर्ज लावू नका, अॅडज्युडिकेटिंग ऑफिसरकडे प्रकरण चालू असताना तेच दुसरीकडे चालवता येत नाही.

आता घाई का करायची ते. नवा डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. त्यात कंपनीने डेटाचं काम दुसऱ्याला द्यायचं तर करार करूनच द्यायचं, त्या करारात सुरक्षेच्या अटी घालायच्या, आणि करारात काहीही लिहिलं तरी मूळ कंपनीची जबाबदारी सुटत नाही, हे सगळं चांगलं आहे. सुरक्षेत कसूर केली तर २५० कोटींपर्यंत दंड आहे. पण तो दंड सरकारच्या तिजोरीत जाणार, ज्याचं नुकसान झालं त्याला त्यातला रुपयाही नाही, आणि त्याच वेळी आयटी अॅक्टमधलं ४३ए काढून टाकलं जाणार आहे. मला हे अजिबात पटलेलं नाही. ज्या माणसाच्या खात्यातून पैसे गेले त्याला भरपाई मागायची थेट जागा काढून घ्यायची आणि दंड सरकारने घ्यायचा, हा कसला न्याय. पण कायदा तसा आहे, त्यामुळे ज्यांचं नुकसान आधीच झालंय त्यांनी कागद गोळा करायला आजच सुरुवात करावी.

अर्ज दिल्यावर नोटीस निघते, समोरच्याला म्हणणं मांडायला तारीख मिळते, गरज पडली तर अधिकारी डीवायएसपी किंवा सर्ट-इनकडून चौकशीचा रिपोर्ट मागवतात. नियमात शक्यतो चार महिन्यांत सुनावणी आणि सहा महिन्यांत सगळं प्रकरण संपवावं असं म्हटलंय, 'शक्यतो' हा शब्द लक्षात ठेवा आणि प्रत्येक तारखेला हजर राहा. निकाल पटला नाही तर आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांत दिल्लीच्या टीडीसॅटकडे, म्हणजे टेलिकॉम आणि सायबर प्रकरणांच्या अपील न्यायाधिकरणाकडे, अपील, त्यापुढे हायकोर्ट. आणि भरपाईचा आदेश होऊनही कंपनीने पैसे दिलेच नाहीत तर आयटी अॅक्टचं कलम ६४ आहे, ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते, त्यासाठी आदेशाची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या.