मऊ प्रवाळ घरी नेल्यानंतर

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी आमच्याकडून मऊ प्रवाळ (सॉफ्ट कोरल) नेलेल्या ग्राहकांचे फोन आम्हाला बहुतेक एकाच काळजीपोटी येतात. लेदर कोरल (मऊ प्रवाळाचा एक प्रकार) तीन दिवस मिटलेले आहे, अंगावर मेणासारखा चकाकता थर आला आहे, आता ते जाणार का?

बहुतेक वेळा जात नाही. सार्कोफायटन, सिन्युलेरिया, लोबोफायटम ही लेदर कोरल अधूनमधून कात टाकतात. वरचा पातळ थर सुटतो आणि त्याच्याबरोबर अंगावर बसलेले शेवाळ आणि गाळही निघून जातो. याला काही दिवस लागतात, कधी आठवड्याहूनही जास्त. या काळात पॉवरहेडचा (टाकीतले पाणी फिरवणाऱ्या पंपाचा) प्रवाह कोरलवरून फिरता राहील एवढे पाहा. थर हाताने सोलू नका, कोरलची जागा बदलू नका आणि धास्तीने कोणतीही बाटली टाकीत ओतू नका. कोरल मिटलेले असले तरी देठ घट्ट असेल आणि घाण वास येत नसेल, तर थांबणे हाच उपाय.

मात्र अंग लिबलिबीत होऊन गळू लागले, तपकिरी लगदा दिसला किंवा कुजका वास आला, तर त्याच दिवशी हात घाला. कोरल टाकीतल्याच पाण्याच्या वेगळ्या भांड्यात घ्या, धारदार ब्लेडने निरोगी भागापर्यंत कापा आणि टाकीत सांडलेला लगदा सायफनने ओढून काढा.

कार्बन का सांगतो

कापणे वेगळ्या भांड्यातच का? मऊ प्रवाळांना दगडी प्रवाळांसारखा अखंड सांगाडा नसतो. अंगात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण विखुरलेले असतात, तेवढाच आधार. जागा सोडून पळताही येत नाही. मग बचाव आणि जागेसाठीची भांडणे, दोन्ही रसायनांवर चालतात. अनेक जाती टर्पीन वर्गातली संयुगे तयार करतात आणि ती पाण्यात सोडतात. कापल्यावर तर ती एकदम बाहेर पडतात. समुद्रात ती वाहून जातात, टाकीत मात्र तेच पाणी फिरत राहते. शेजारचे दगडी कोरल हळूहळू फिके पडते, वाढ थांबते आणि टेस्ट किटवर सगळे आकडे ठीक दिसतात. हे किट ती संयुगे मोजतच नाहीत.

म्हणून मऊ प्रवाळांच्या टाकीत अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन (पाण्यातली अशी संयुगे शोषून घेणारा कोळसा) कायम असावा असा आमचा आग्रह आहे. टाकण्यापूर्वी तो आरओ पाण्यात धुवा, भुकटी निघून जाईल, आणि तीन-चार आठवड्यांनी बदला. जोडीला दर आठवड्याला सुमारे 10 टक्के पाणी बदला. आणि ज्यांना पुढे अ‍ॅक्रोपोरा ही दगडी प्रवाळे वाढवायची आहेत, त्यांनी त्याच टाकीसाठी मोठे लेदर कोरल घेऊ नये. आमची एक विक्री कमी झाली तरी चालेल.

पाणी

तापमान 24 ते 26 अंश सेल्सिअस, क्षारता, म्हणजे मिठाचे प्रमाण, 35 पीपीटी (हजार भागांत 35), म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे 1.026. अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता) 7 ते 9 डीकेएच (तिचे एकक), कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). यातल्या अचूक आकड्यापेक्षा तो रोज तोच राहणे महत्त्वाचे. बाष्पीभवनात पाणी उडते, मीठ मागेच राहते. त्यामुळे रोजची तूट साध्या, म्हणजे क्षार काढून टाकलेल्या आरओ-डीआय पाण्याने भरा, खाऱ्या पाण्याने नको. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचे यंत्र) 35 पीपीटीच्या द्रावणावर तपासून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य दाखवणारे यंत्र 35 जवळ चुकू शकते.

नायट्रेट शून्यावर आणण्याचा हट्ट धरू नका. 5 ते 15 पीपीएम नायट्रेट आणि 0.03 ते 0.1 पीपीएम फॉस्फेट या पाण्यात ही कोरल छान फुलतात. अतिस्वच्छ पाण्यात झीनिया आणि मशरूम ही कोरल आक्रसून जातात. मासा आजारी पडला तर तांबे असलेले औषध मुख्य टाकीत कधीच नको. कोरल, कोळंबी, गोगलगायी, सगळेच त्याने मरतात. मासा वेगळ्या टाकीत हलवून औषध द्या.

बसवताना

पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग टाकीचे पाणी थोडे थोडे मिसळत जा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका. फ्रॅगवर (कोरलच्या विकत आणलेल्या तुकड्यावर) किडे किंवा त्यांची अंडी असू शकतात, म्हणून आधी कोरल डिप करा, म्हणजे किडे काढणाऱ्या द्रावणात बुडवून घ्या. पहिले काही दिवस खाली, कमी उजेडात ठेवा आणि नंतर हळूहळू वर आणा. 50 ते 150 पार (PAR, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेडाचे माप) एवढा उजेड बहुतेक जातींना पुरतो. या जातींच्या ऊतींतली झूझँथेली शैवाले उजेडावर अन्न बनवतात. म्हणून वेगळे खाऊ घालण्याची फारशी गरज पडत नाही.

ग्रीन स्टार पॉलिप आणि झीनिया ही झपाट्याने पसरणारी कोरल मुख्य खडकावर लावू नका. एकदा पसरली की काढणे फार अवघड. वाळूत सुटा ठेवलेला दगडच त्यांना द्या. लेदरचा कापलेला तुकडा बुळबुळीत अंगामुळे गोंदाला धरत नाही. तो दगडावर ठेवून जाळीने किंवा रबरबँडने सैल बांधा, काही दिवसांत स्वतःच चिकटतो.

झोआंथस घेणाऱ्यांनी हे नक्की वाचा

झोआंथस आणि पॅलिथोआ मऊ प्रवाळांबरोबर विकली जातात, पण त्यांचे कूळ वेगळे. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत घातक विष असते. हाताळताना हातमोजे घाला, कापताना डोळ्यांवर चष्मा हवाच. ती असलेला दगड उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, ब्रशने घासू नका. वाफेतून किंवा उडालेल्या थेंबांतून विष शरीरात जाते आणि घरातली इतर माणसे, पाळीव प्राणीही आजारी पडू शकतात. हाताळल्यानंतर धाप लागली, अंग दुखू लागले, ताप आला किंवा डोळे जळजळले, तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि झोआंथस हाताळल्याचे त्यांना स्पष्ट सांगा.

कोरलबद्दल शंका असेल तर पांढऱ्या उजेडात काढलेला फोटो पाठवा, निळ्या दिव्यातल्या फोटोत खरा रंग कळत नाही. सोबत गेल्या आठवड्यात टाकीत काय काय बदलले ते लिहा. जमल्यास स्वच्छ बाटलीत टाकीचे पाणी घेऊन या, आम्ही तपासून देतो.