पाण्याची टाकी आणि डिझेलचं पिंप: हौदा एकच, बांधणी वेगळी

एप्रिल उजाडला की रत्नागिरीकडच्या पिकअपना दोन भाडी हमखास मिळतात. सकाळी नव्या आंबा कलमांना पाणी, दुपारी जेटीवर होडीसाठी डिझेल. गाडी तीच, निळं पिंपही दिसायला तेच, म्हणून बांधणीही तीच ठेवतात. ती एक नाही. पाणी हिंदकळून घात करतं, डिझेल पाझरून.

वजनात फरक थोडाच. पाणी लिटरला एक किलो, डिझेल साधारण ८३० ग्रॅम. २०० लिटरच्या पिंपात पाणी २०० किलो, डिझेल १६६च्या आसपास. दोन्ही केबिनच्या पाठीला टेकवून ठेवायची. वजन मागच्या फाळक्याकडे गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही.

पाण्याचा खरा त्रास अर्ध्या टाकीत असतो. एकदा ५०० लिटरच्या टाकीतलं निम्मं पाणी वरच्या बागेत सोडून मी खाली उतरत होतो. समोर गुरं आली, ब्रेक दाबला, गाडी थांबतेय असं वाटलं आणि क्षणभरानं मागून कुणी ढकलावं तसा धक्का बसला. अडीचशे किलो पाणी टाकीच्या पुढच्या भिंतीवर येऊन आदळलं होतं. वळणावर हेच पाणी बाहेरच्या अंगाला चढतं आणि गाडी कलते. म्हणून टाकी एक तर गळ्यापर्यंत भरलेली हवी, नाही तर पूर्ण रिकामी. उरलेलं पाणी शेवटच्या झाडाला घालावं, पण अर्धी टाकी घेऊन घाटी उतरू नये.

छपरावरची उंच काळी टाकी हौद्यात ठेवणं मला मुळीच पटत नाही. तिच्या बुडाला सगळीकडून सपाट आधार लागतो आणि हौद्याचा पत्रा असतो पन्हाळीचा. शिवाय वजन वर जातं. बुटकी, रुंद टाकी घ्यावी आणि खाली जाड प्लायवूड टाकावं. बोल्ट नुसत्या पत्र्यात मारले तर पत्रा फाटतो. ते खालच्या आडव्या पट्टीत घ्यावेत किंवा पत्र्याखाली जाड लोखंडी पट्टी द्यावी. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून वायरी, ब्रेकची नळी आणि इंधनाची टाकी कुठे आहे ते बघावं. खाऱ्या हवेत उघडं भोक पावसाळाभरात तांबडं पडतं, म्हणून लगेच रेड ऑक्साइड लावावं.

बांधणीचा ठोकताळा असा: पुढच्या दिशेनं मालाच्या वजनाच्या ८० टक्के, बाजूंना निम्मा ताण सोसला पाहिजे. ५०० किलोला पुढे ४००. नायलॉनची दोरी ताणते आणि भिजल्यावर आणखी सैल होते. लेबलवर क्षमता छापलेला रॅचेट पट्टाच, म्हणजे खटक्यानं आवळायचा पट्टा, वापरावा.

डिझेलचं गणित उलटं. पाणी गळ्यापर्यंत, डिझेल कधीच नाही. तापमान २० अंशांनी वाढलं तर २०० लिटर डिझेल तीनेक लिटरनं फुगतं. पहाटे गच्च भरलेलं पिंप दुपारी बुचातून घाम गाळू लागतं. दहा लिटरची जागा मोकळी सोडावी. पिंप लोखंडी, उभं, बूच वर, खाली रबराची चटई. आपल्याकडच्या मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते ते, किमान ३५ अंश असतो आणि मे महिन्यात उन्हातला पत्रा त्याहून सहज जास्त तापतो. म्हणून हौद्यात सांडलेलं डिझेल तिथल्या तिथे पुसून घ्यावं. पेट्रोलचा कॅन तर हौद्यात ठेवून कधीच भरू नये. जमिनीवर उतरवून भरावा, कारण हौद्याच्या प्लास्टिकच्या अस्तरावर साचलेल्या स्थिर विजेची एक ठिणगीही पुरते.

एकदा डिझेल भरलेल्या प्लास्टिकच्या पिंपात परत पाणी भरू नये. वास प्लास्टिकमध्ये मुरतो, साबणानं जात नाही. माझ्या डिझेलच्या पिंपाला तांबडा पट्टा आहे, पाण्याच्या टाकीला पांढरा. बागेतले गडी तांब्या बुडवण्याआधी पट्टा बघतात.