पीटीचा तास आणि न वाळणारा घाम

पीटीच्या तासाला एखादं मूल चक्कर येऊन खाली बसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सकाळी काही खाऊन आला होतास का?" प्रश्न मायेचा असतो आणि कधीकधी उत्तर खरंच डब्यात सापडतं. पण ठाण्यात, शाळेच्या मैदानाला लागून असलेल्या घरात बरीच वर्षं काढल्यावर मला वाटतं, आपण डब्याकडे बघतो तेवढं हवेकडे बघत नाही.

पळताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम पाव हिस्सा हालचालीच्या कामी येतो. बाकीच्याची उष्णता होते. ३० किलो वजनाचं मूल जोरात पकडापकडी खेळत असेल तर त्याच्या अंगात साधारण २४० वॅट उष्णता तयार होत असते, म्हणजे जुने पिवळे ६० वॅटचे चार बल्ब. ती बाहेर पडलीच नाही तर सात-आठ मिनिटांत शरीराचं तापमान एका अंशाने चढेल. तसं होत नाही, कारण घाम येतो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. मिनिटाला सहा ग्रॅम घाम वाळला की हिशेब जुळला. सगळी मेख त्या 'वाळला' शब्दात आहे. कपाळावरून ओघळून मातीत पडलेल्या थेंबाने अंग गार होत नाही, फक्त अंगातलं पाणी जातं.

एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचे डोंगर, अशा आपल्या गावात घाम वाळायला जागाच नसते. नागपुरात ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापी २२ अंशांच्या आसपास थांबतो. ठाण्यात जूनच्या सुरुवातीला ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली, की तोच तापमापी २८ दाखवतो. हा आकडा जितका चढा, तितका घाम कमी वाळतो. नागपूरचं ऊन सुरक्षित आहे असा याचा अर्थ नाही. पण 'आज तर तेहतीसच आहे' म्हणून मुलांना बिनधास्त मैदानात सोडायचं, हे इथे चालत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर झालेल्या सोहळ्यात उष्माघाताने माणसं गेली. हवामान खात्याच्या जवळच्या केंद्रावरची नोंद ३८ अंशांच्या आसपास होती, आणि ती माणसं पळत नव्हती, उन्हात बसली होती.

हे गणित सैन्याला फार आधी करावं लागलं. १९५० च्या दशकात अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षण तळांवर जवान उन्हाने कोसळू लागले, तेव्हा एक निर्देशांक तयार झाला. त्यात ओल्या तापमापीला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला २० टक्के आणि आपण रोज बातम्यांत ऐकतो त्या साध्या तापमानाला फक्त १० टक्के. हे प्रमाण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकले होते. ज्या आकड्यावर आपण मुलांचा खेळाचा तास ठरवतो, त्याचा वाटा दहातला एक! शाळेच्या प्रयोगशाळेत दोन तापमापी असतातच. एकाच्या टोकाला ओलं सुती फडकं बांधून दोन्ही मैदानाच्या कडेला सावलीत टांगायचे आणि सातवी-आठवीच्या मुलांनाच रोज नोंद करायला सांगायची. विज्ञानाचा तास आणि पीटीचा तास एकाच वेळी होतील.

मुलांची घामाची यंत्रणा कच्ची असते, असं पूर्वी शिकवलं जायचं. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये हे मत बदललं : पाणी पुरेसं आणि विश्रांती वेळेवर मिळाली तर मुलं मोठ्यांइतकाच उकाडा सोसतात. म्हणजे खेळ बंद करायचं कारण नाही. शरीराला उकाड्याची सवय व्हायला मात्र १० ते १४ दिवस लागतात. मे महिना पंख्याखाली, एसीत किंवा गावच्या ओसरीवर गेलेला असतो, जूनच्या मध्याला शाळा उघडते आणि पहिल्याच आठवड्यात पूर्ण मैदानाच्या फेऱ्या सुरू होतात. ते दोन आठवडे हळूहळू चढत जाणारे हवेत. ऑक्टोबरच्या उन्हात क्रीडामहोत्सवाची तयारी सुरू होते, तेव्हाही तसंच. दुपारच्या अधिवेशनातल्या मुलांचा पीटीचा तास पहिला न ठेवता शेवटचा ठेवला, तरी बराच फरक पडतो.

तरीही कुणी कोसळलंच, तर लक्षणं ओळखणं महत्त्वाचं. उष्माघातात अंग कोरडं पडतं असा समज आहे. खेळताना होणाऱ्या उष्माघातात पुष्कळदा अंग घामाने निथळत असतं. बघायचं ते डोकं ठिकाणावर आहे का. मूल असंबद्ध बोलतंय, झोकांड्या खातंय, उगाच चिडतंय, तर आधी गार करायचं आणि मग हलवायचं. १०८ ला फोन लावायचा, पण घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून रुग्णवाहिका येईपर्यंत हात बांधून बसायचं नाही. सावलीत न्यायचं, मिळेल तेवढं गार पाणी अंगावर ओतत राहायचं, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवायचा, वहीने का होईना, वारा घालायचा. टबभर बर्फाचं पाणी असेल तर डोकं वर धरून त्यात बसवणं सगळ्यात उत्तम. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. या पहिल्या अर्ध्या तासावर मेंदू आणि यकृत वाचणार की नाही, हे ठरतं.

एक गोष्ट मला मनापासून खुपते : शिक्षा म्हणून व्यायाम. 'मैदानाला दहा फेऱ्या', 'शंभर उठाबशा'. दमलेलं मूल खेळात आपोआप थांबतं. शरीराचा तो सगळ्यात विश्वासू ब्रेक आहे. शिक्षेत तो ब्रेक आपण काढून टाकतो. सवय नसताना पाठोपाठ काढलेल्या उठाबशांनी मांडीच्या स्नायूंच्या पेशी फुटू शकतात, त्यातलं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. दुसऱ्या दिवशी पाय कमालीचे दुखतात आणि लघवी काळ्या चहासारखी होते. असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला मनाई केलीच आहे, पण पीटीच्या तासाला तिला शिक्षा म्हणून कुणी ओळखत नाही.

जमिनीचंही बघायला हवं. आपल्याकडे कितीतरी शाळांचं मैदान म्हणजे पेव्हर ब्लॉकचं अंगण. एक मीटर उंचीवरून पडलेलं मूल जमिनीला ताशी १६ किलोमीटर वेगाने भिडतं. फरशीवर ते अर्ध्या सेंटिमीटरात थांबलं, तर बसणारा झटका गुरुत्वाच्या २०० पट. पाच सेंटिमीटर दबणाऱ्या गादीवर तोच २० पट. स्नेहसंमेलनासाठी मनोऱ्यांचा सराव चालतो, तेव्हा वरचं पोर दोन मीटरच्याही वर असतं. १४ वर्षांखालच्या मुलांना दहीहंडीच्या थरांवर चढवायचं नाही, हे २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ठरलं. शाळेच्या मनोऱ्यावर मात्र दहा वर्षांचं, सगळ्यात हलकं मूलच शोधून चढवतात, आणि खाली गादीही नसते.

डोक्याला मार लागल्यावर बेशुद्ध झालं नाही म्हणजे काही झालं नाही, असं नसतं. डोकं दुखणं, मळमळ, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं यांपैकी काहीही दिसलं तर त्या दिवशी खेळ बंद. वाढीच्या वयात टाच किंवा गुडघ्याखालचा उंचवटा दुखत असेल, तर 'नाटकं करू नकोस' म्हणायच्या आधी थांबावं. या वयात हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते आणि उड्यांनी स्नायूबंध तिला ओढत राहतात. गुडघ्याच्या या दुखण्याचं वर्णन १९०३ मध्येच झालेलं आहे. उड्या आणि पळणं काही आठवडे कमी केलं की बहुतेकांना बरं वाटतं.

आणि खो-खोत समोरासमोर आदळून पक्का दात मुळासकट निघालाच, तर तो मुळाकडून धरायचा नाही, घासायचा नाही. जमलं तर लगेच त्याच्या जागी बसवायचा आणि रुमाल चावून धरायला सांगायचं. नाही जमलं तर कॅन्टीनमधून अर्धा कप थंड दूध मागवून दात त्यात बुडवायचा आणि अर्ध्या तासात दंतवैद्याची पायरी गाठायची.