अंदाज, संकल्प आणि ३१ मार्च : पुण्याच्या कारखान्यांतल्या वार्षिक बजेटची पार्श्वभूमी

जानेवारी संपत आला की भोसरी, चिंचवड, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात एक्सेलच्या फायली इकडून तिकडे फिरू लागतात. कुणी त्यांना बजेट म्हणतं, कुणी एओपी (ॲन्युअल ऑपरेटिंग प्लॅन), कुणी नुसतं ‘पुढच्या वर्षाचा प्लॅन’. त्याच कारखान्यांच्या मीटिंग रूममध्ये भिंतीवर पाच-दहा वर्षांपुढचं व्हिजन फ्रेम करून लावलेलं असतं. फायलीतले आकडे आणि भिंतीवरचं वाक्य यांची गाठ क्वचितच पडते. मालकांना दूरदृष्टी नाही, असं त्याचं सोपं कारण सांगितलं जातं. गेली पंचवीसेक वर्षं या पट्ट्यातल्या लघुउद्योगांचं कॉस्टिंगचं काम करताना मला ते कधी पटलं नाही. दृष्टी पुष्कळांना होती. ती ज्या कागदावर उतरवायची तो कागदच भलत्या कामासाठी तयार झालेला होता. तो कसा तयार झाला, ते इथे मांडतो.

आधी थोडं जुनं. पेशव्यांच्या दप्तरात येणाऱ्या सालाच्या जमाखर्चाच्या अंदाजाला बेहेडा म्हणत आणि सरलेल्या सालाच्या हिशेबाला ताळेबंद. दोन कामं, दोन कागद, दोन नावं. इंग्रजी अमलात सरकारी वर्ष आधी १ मे ते ३० एप्रिल असं होतं, ते १८६७ पासून १ एप्रिल ते ३१ मार्च झालं. कारखान्याच्या कारभारासाठी बजेट वापरायची पद्धत १९२०च्या दशकात अमेरिकेत रुळली. आपल्याकडे कॉस्ट अकाउंटिंगची संस्था १९४४ मध्ये उभी राहिली आणि १९५९ मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला.

पुण्यात कारखानदारी खऱ्या अर्थाने फैलावली ती १९५० आणि ६०च्या दशकांत. पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना, आकुर्डीची स्कूटर, १९६२ च्या एमआयडीसीनंतर भोसरीत आखले गेलेले प्लॉट. हा परवान्यांचा काळ. १९५१ च्या कायद्याने किती माल काढायचा ते लायसन्सवर लिहिलेलं असे. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेले आणि कारखान्याला मनाला येईल तसं उत्पादन वाढवता येत नसे. त्यामुळे दीर्घकालीन धोरण म्हणजे दिल्लीत पडलेला अर्ज, आणि वार्षिक बजेट म्हणजे पोलादाचा कोटा, परकीय चलन आणि मजुरी यांची जुळवाजुळव. विक्रीचा अंदाज बांधायची गरजच नव्हती, कारण निघेल तेवढा माल खपणार होता. धोरण आणि बजेट यांची फारकत त्या काळात कुणाला टोचली नाही. २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांचा परवाना गेला आणि किती माल काढायचा हा प्रश्न पहिल्यांदा मालकाच्या टेबलावर आला.

त्याच्या थोडं आधी एक निर्णय झाला होता, त्याची म्हणावी तशी चर्चा झाली नाही. १९८०च्या दशकापर्यंत कंपनीला, व्यापाऱ्याला आपलं हिशेबी वर्ष निवडता येत होतं. कुणाचं दिवाळीला संपे, कुणाचं जूनमध्ये, कुणाचं डिसेंबरमध्ये. १९८५ च्या सुमारास एका सरकारी समितीने देशाचं आर्थिक वर्षच जानेवारी ते डिसेंबर करावं, असं सुचवलं. कारण साधं होतं : पाऊस कसा झाला हे हातात आल्यावर बजेट करावं. सरकारने ते मानलं नाही. उलट १९८७ च्या दुरुस्तीने प्राप्तिकरासाठी सगळ्यांना ३१ मार्च सक्तीचा केला. १९८८-८९ हे त्या पद्धतीचं पहिलं सामायिक वर्ष. काहींचं मधलं वर्ष बारा महिन्यांहून बरंच लांबलं आणि तेव्हाच्या अकाउंटंट मंडळींची पुरती दमछाक झाली.

कर गोळा करायला हे सोयीचं होतं, यात वाद नाही. पण शेतीपंप, डिझेल इंजिन, ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या पुण्याच्या कारखान्यांचं त्यात नुकसान झालं, असं माझं मत आहे. त्यांचं गिऱ्हाईक पाऊस आणि पीक बघून खिशात हात घालतं. दिवाळीला वह्या बंद करणाऱ्याला खरीप कसं गेलं ते ठाऊक असे. मार्चला बंद करणारा पुढच्या वर्षाचा आकडा पावसाआधी लिहितो. मोसमी पावसाच्या दीर्घकालीन अंदाजाचं काम आपल्याच शिवाजीनगरला, हवामान खात्याच्या सिमला ऑफिसात, चालतं. तो अंदाज जाहीर होतो एप्रिलमध्ये, आणि तोवर बजेटवर सह्या झालेल्या असतात.

आता मुख्य गुंत्याकडे येतो. तो एका शब्दाचा आहे.

मराठीत बजेटला दोन शब्द आहेत. राज्याचा तो अर्थसंकल्प, महापालिकेचं ते अंदाजपत्रक. अंदाज म्हणजे काय होईल असं वाटतं ते, संकल्प म्हणजे काय करायचं ठरवलं ते. या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि भाषेने तो आपल्या हातात आयता दिला आहे. कारखान्यात मात्र आपण तिसराच शब्द उचलला, ‘बजेट’, आणि त्यात दोन्ही कोंबलं. वर तिसरा अर्थही चढला, मंजुरीचा. ‘बजेटमध्ये नाही’ म्हणजे ‘पैसे मिळणार नाहीत’. एकच आकडा अंदाजही, संकल्पही आणि खर्चाची परवानगीही. अंदाज प्रामाणिक हवा, संकल्प थोडा ताणलेला हवा, मंजुरी हात राखून हवी. तिन्ही एका रकान्यात बसवले की त्यातलं कुठलंच खरं राहत नाही.

आणि लघुउद्योगांच्या बाबतीत चौथा अर्थ चिकटला तो बँकेचा. माझ्या मते सगळ्यात खोलवर परिणाम याच अर्थाचा झाला. १९७४ साली नेमलेल्या एका समितीने बँकांना सांगितलं की नुसत्या तारणावर कर्ज देऊ नका, धंद्याची गरज बघा. विचार योग्य होता. पण गरज बघायची तर पुढच्या वर्षाचे आकडे हवेत. १९८८ पासून सीएमए डेटा, म्हणजे कर्जासाठी बँकेला द्यायचे मागचे आणि पुढचे आकडे, हा शब्द प्रत्येक अकाउंटंटच्या तोंडी बसला. १९९०च्या दशकात लघुउद्योगांसाठी आणखी सोपी रीत आली : पुढच्या वर्षाची अंदाजित विक्री घ्या, तिच्या २५ टक्के हे खेळतं भांडवल धरा, त्यातले ५ टक्के मालकाचे आणि २० टक्के बँकेचे. विक्री पाच कोटी असेल तर गरज सव्वा कोटी, पंचवीस लाख मालकाचे, एक कोटीची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट, म्हणजे बँकेतून लागेल तसे उचलायच्या खेळत्या भांडवलाची मर्यादा.

हा नियम छोट्या माणसाला वेळेवर पैसा मिळावा म्हणून केला गेला आणि तसा तो अनेकांना मिळालाही. पण त्याने विक्रीच्या अंदाजाला किंमत आली. अंदाज जितका मोठा तितकी लिमिट मोठी. बँका मागची विक्री पाहून आकडा तपासतात हे खरं, पण थोडा फुगवटा चालून जातो हे टेबलाच्या दोन्ही बाजूंना माहीत असतं.

भोसरीतल्या एका मशिनिंग युनिटमधली संध्याकाळ मला लख्ख आठवते. फेब्रुवारी महिना. बाहेर सेकंड शिफ्टची माणसं आत येत होती, टेबलावर चहाचे कप, कूलंटचा वास. त्या वर्षाची विक्री पावणेपाच कोटींच्या आसपास बंद होणार होती. मी विचारलं, “साहेब, पुढच्या वर्षी किती धरू?” ते म्हणाले, “बँकेला सात धरा. शॉपफ्लोअरवर सहा सांगा. आपल्या दोघांत पाच.” माणूस सरळ होता, कामगारांचा पगार त्यांनी कधी एक दिवस थकवला नाही. पण त्या तीन आकड्यांपैकी धोरणाचा आकडा कुठला, हे मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

बँकेने आकडा फारसा ताणून न पाहता सातच्या हिशेबाने एक कोटी चाळीस लाखांची लिमिट दिली. धंद्याला लागणार होते एक कोटी. वरचे चाळीस लाख हाताशी दिसत होते आणि साहेबांच्या मनात चार वर्षांपासून एक पंचअक्षी मशीन होतं. त्यावर होणारे भाग बनवायला घेतले की पुढची दहा वर्षं काम कमी पडणार नाही, हे त्यांचं गणित अगदी बरोबर होतं. टर्म लोनची, म्हणजे मशीनसाठीच्या लांब मुदतीच्या कर्जाची, फाईल लांबत चालली, तेव्हा त्यांनी ॲडव्हान्स सीसीतून भरला. बारा महिन्यांत फिरायचा पैसा दहा वर्षांच्या मशीनमध्ये अडकला. ड्रॉइंग पॉवर, म्हणजे साठ्याच्या हिशेबाने किती उचलता येईल ते, दाखवण्यासाठी मग स्टॉक स्टेटमेंटमधला साठाही वाढत गेला. २०१९ मध्ये वाहनांची विक्री घसरली, ग्राहकाची शेड्युलं कमी झाली आणि खातं ताणलं गेलं. मशीन उत्तम चालत होतं. चुकला होता तो पैशाचा पल्ला. त्या स्टॉक स्टेटमेंटांवर काम करणाऱ्यांत मीही होतो आणि त्याची खंत मला आजही आहे.

हा एकट्या साहेबांचा प्रकार नव्हता. सीसीतून मशीन, मशीनमुळे सीसी भरलेली, भरलेल्या सीसीमुळे कच्च्या मालाचं पेमेंट थकलेलं, अशी युनिटं या पट्ट्यात गल्लोगल्ली दिसतात. दीर्घकालीन धोरण आणि वार्षिक बजेट यांचा मेळ नाही, हे वाक्य पुस्तकी वाटतं. शॉपवर त्याचं रूप हे असं असतं.

मोठ्या कंपन्यांचं दुखणं वेगळं. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना दर तिमाहीला निकाल द्यावे लागू लागले, आणि ती तिमाही पुरवठादारांच्या दारात येऊन उभी राहिली. ३१ मार्चच्या रात्री चाकणच्या रस्त्यावर गेलं की कळतं. गेटबाहेर टेम्पोंची रांग, डिस्पॅचवाला हातात चलनं घेऊन धावतोय, बारा वाजायच्या आत बिल फाटलं पाहिजे. १ एप्रिलला तेच गेट ओस. ट्रेनिंग, मोजमापाची उपकरणं, नव्या भागाच्या चाचण्या यांचा खर्च जानेवारी ते मार्चमध्ये सर्वात आधी कापला जातो. ज्यांचं फळ पुढच्या वर्षी मिळायचं असतं ते हेच खर्च.

हे मोडून काढायचे प्रयत्न झाले. महाराष्ट्र सरकारने १९८६ च्या सुमारास शून्याधारित अर्थसंकल्प केला, म्हणजे मागच्या वर्षाच्या आकड्यात टक्के वाढवायचे नाहीत, प्रत्येक खर्च नव्याने सिद्ध करायचा. त्याची हवा कारखान्यांतही आली. पण दरवर्षी सगळं शून्यापासून लिहायला माणसं आणि वेळ कुठून आणणार? दोन वर्षांत मंडळी पुन्हा ‘मागचं अधिक दहा टक्के’वर आली. १९९२ मध्ये अमेरिकेत मांडलेलं बॅलन्स्ड स्कोअरकार्ड २०००च्या दशकात इथे आलं आणि पुष्कळ ठिकाणी एचआरच्या केआरए फॉर्ममध्ये, म्हणजे माणसांच्या कामाच्या मूल्यमापनात, जिरलं. त्यातल्या त्यात रुजली ती जपानी पद्धत, जिला इथे पॉलिसी डिप्लॉयमेंट म्हणतात. तीन-पाच वर्षांचं एक लक्ष्य, त्यातून यंदाची मोजकी कामं, प्रत्येक कामाला एक माणूस आणि एक मोजमाप, शॉपफ्लोअरवर बोर्ड. जिथे मालक स्वतः दर महिन्याला बोर्डासमोर उभा राहिला तिथे ती टिकली. बाकी ठिकाणी ऑडिटच्या आदल्या दिवशी बोर्ड भरले गेले.

पुणे महापालिकेकडे पाहिलं तरी हेच दिसतं. जुन्या हद्दीच्या २००७ ते २०२७ च्या विकास आराखड्याला अंतिम मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये. वीस वर्षांतली दहा सरून गेली होती आणि तोवर दरवर्षीचं अंदाजपत्रक आपलं आपण मंजूर होत होतं. केंद्रानेही पंचवार्षिक योजना थांबवल्या आणि २०१७-१८ पासून योजना व योजनेतर खर्च हा भेदच काढून टाकला.

२०१६ ते २०२० या चार वर्षांनी मात्र पुण्याच्या वाहन उद्योगाला हा प्रश्न टाळू दिला नाही. जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झालं की वाहनांच्या धुराच्या निकषांत बीएस-५ गाळून थेट बीएस-६, तारीख १ एप्रिल २०२०. म्हणजे चार वर्षांचा संकल्प सरकारनेच लिहून दिला. नव्या भागांची डाय, फिक्श्चर (म्हणजे टूलिंग), चाचण्या यांना दीड-दोन वर्षं लागतात, त्यामुळे २०१७-१८ च्या बजेटमध्ये ज्यांनी तरतूद केली तेच वेळेत पोचणार होते. पण नेमक्या त्या बजेटवर काय काय आदळलं पाहा. नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी. २९ मार्च २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, ज्याने तीन दिवसांत बीएस-३ गाड्यांची विक्री थांबवली. १ जुलै २०१७ चा जीएसटी. ज्यांच्याकडे बारा महिन्यांचा एकच कागद होता त्यांनी तो तीनदा फाडला आणि दरवेळी पहिली कात्री बीएस-६ च्या टूलिंगला लावली. ज्यांनी टूलिंगचे पैसे वेगळ्या कागदावर, टर्म लोनसकट चार वर्षांसाठी बांधून ठेवले होते, त्यांचा चालू वर्षाचा कागद फाटला तरी दुसरा शाबूत राहिला. मग २५ मार्च २०२० ची टाळेबंदी आली आणि २०२०-२१ ची बजेटं सुरू व्हायच्या आतच रद्दीत गेली.

त्यानंतर काही युनिटांनी पद्धत बदलली आहे. दर तीन महिन्यांनी पुढच्या बारा महिन्यांचा अंदाज नव्याने लिहायचा, त्याला रोलिंग फोरकास्ट म्हणतात. संकल्पाचा कागद वेगळा, तो वर्षातून एकदाच उघडायचा. विद्युत वाहनांचे भाग करायला घेणाऱ्यांना याची जास्त गरज भासते, कारण तिथे अनुदानाचे नियम वर्षाच्या मध्येही बदलतात. जून २०२३ मध्ये दुचाकींचं अनुदान कमी झालं तेव्हा ते सगळ्यांनी अनुभवलं.

भोसरीच्या त्या युनिटमध्ये आता साहेबांची मुलगी बसते. मशीनचं कर्ज तिने टर्म लोनमध्ये वळवून घेतलं आणि शॉपवरच्या बोर्डावर अंदाज आणि संकल्प असे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले जातात. बँकेच्या फॉर्ममध्ये पुढच्या वर्षाच्या विक्रीसाठी अजूनही एकच रकाना आहे. गेल्या फेब्रुवारीत तो भरताना तिने मला विचारलं, “काका, यातला कुठला लिहू?” आम्ही अंदाजाचा लिहिला. लिमिट थोडी कमी मिळाली.