मशीन तापलं: दोष खाऱ्या पाण्यात की गोड्या?

हर्णै असो, मिरकरवाडा असो की मालवण, कुठल्याही बंदरात बोटीचं "मशीन तापतंय" म्हटलं की धक्क्यावरचा पहिला सल्ला ठरलेला: "मेस्त्री, थर्मोस्टॅट काढून टाका." कधीमधी त्याने फरक पडतो, म्हणून तो सल्ला टिकून आहे. पण तापमानाचा काटा लालीत गेला म्हणजे दोष कुठल्या पाण्यात आहे हे त्या काट्याला कळत नाही. तो एकच आकडा दाखवतो आणि इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या, डिझेल मशीनमध्ये पाणी दोन असतात.

गोडं पाणी, म्हणजे कूलंट मिसळलेलं, ब्लॉक आणि हेडमधून गोल फिरत राहतं. बेल्टवरचा पंप त्याला ढकलतो, थर्मोस्टॅट वाट उघडतो आणि हीट एक्स्चेंजरमध्ये येऊन ते उष्णता टाकतं. ती उचलायला खारं पाणी येतं: तळाच्या कॉकमधून (समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या तोटीतून) गाळणीत, तिथून रबरी इम्पेलरच्या, म्हणजे पात्यांच्या चाकाच्या, पंपात, मग एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांतून बाहेर. ओला एक्झॉस्ट असेल तर ते धुरात मिसळून मागे पडतं, सुकं धुराडं असेल तर बाजूच्या वेगळ्या पाइपातून. तळाला पाइप लावून थंड होणाऱ्या बोटींचं गणित वेगळं, त्या इथे बाजूला ठेवू.

म्हणून मशीनच्या टोपणाला हात लावण्याआधी बोटीच्या मागे जाऊन पाहावं. पाणी रोजच्यासारखं पडतंय का? धार बारीक झाली असेल, वाफ निघत असेल, एक्झॉस्टचा आवाज कोरडा, मोठा झाला असेल, तर दोष खाऱ्या बाजूला आहे. वाफ आणि धूर यांत घोळ होतो, पण वाफ दोन-चार हातांवर विरून जाते, धूर पाण्यावर लोळत राहतो. पाणी पडतच नसेल तर मशीन लगेच बंद करा, कारण ओल्या एक्झॉस्टचा रबरी पाइप थोड्याच वेळात जळू लागतो. पाणी नीट पडत असेल तर मात्र थ्रॉटल उतरवून थोडा वेळ स्लोवर ठेवलेलं बरं, आतली उष्णता फिरून निघून जाते. जवळ खडक असतील तर बंद करण्याआधी नांगर तयार हवा, हे तांडेलाला सांगायला नको.

खाऱ्या बाजूचा बिघाड सहसा वेगाने काटा चढवतो. कॉकवर प्लॅस्टिकची पिशवी चिकटली तर मशीन बंद करताच ओढ थांबते, पिशवी सुटते आणि पुन्हा चालू केल्यावर सगळं ठीक वाटतं. अर्ध्या तासाने तोच खेळ. जेलीफिश आणि खाडीतला गाळ गाळणीत बसतात. मग इम्पेलर. खारं पाणीच त्याला ओलं आणि थंड ठेवतं. कॉक बंद असताना मशीन चालवलं तर एक-दोन मिनिटांत पाती जळतात. इथे एक काम बहुतेक जण टाळतात: जुना इम्पेलर काढला की तुटलेल्या पात्यांचे तुकडे मोजून जुळवा. हातात न सापडलेला तुकडा पुढे जाऊन एक्स्चेंजरच्या नळ्यांच्या तोंडावर बसतो आणि नवा इम्पेलर घालूनही मशीन तापतं. एक्स्चेंजरचं टोकाचं झाकण उघडलं की असे काळे तुकडे, झिंकचा (गंज स्वतःवर घेणाऱ्या कांडीचा) भुगा आणि खाऱ्या क्षारांचा थर एकत्र दिसतो. नळ्या लाकडी किंवा पितळी काडीने साफ करा, लोखंडी सळईने नको. हे सगळं नीट असूनही धार बारीकच असेल तर एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे वाकडा जोड, काढा. गरम धूर आणि खारं पाणी जिथे भेटतात तिथे काजळी आणि मीठ मिळून वाट अरुंद होते.

स्लोवर तापमान बरोबर आणि जोरात चालवलं की चढतं, असं असेल तर वाट अर्धवट बुजलेली असण्याची शक्यता जास्त. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर एक्स्चेंजरमध्ये शिरणाऱ्या आणि निघणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या पाइपांवर धरा. निघणारं पाणी खूप गरम आहे म्हणजे ते कमी येतंय. भरपूर येतंय, फक्त कोमट आहे आणि मशीन मात्र तापलेलं, तर उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नाही. आता गोड्या बाजूकडे वळा. फक्त नळ्यांवर क्षारांचा जाड थर असला तरी असंच दिसतं, हे लक्षात असू द्या.

गोड्या बाजूला पाहायचं असतं बेल्टचा ताण, पंपाची गळती, थर्मोस्टॅट, हवा अडकली आहे का, आणि कूलंटच्या टाकीचं टोपण. मशीन थंड झाल्याशिवाय ते टोपण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं. टोपणाची स्प्रिंग सैल झाली की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं. चालू मशीनच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तेल दुधाळ झालं असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे ब्लॉक आणि हेडमधल्या पट्टीचा, संशय घ्या.

दोन्ही बाजूंची गल्लत खरी इथे होते: टाकीत पाणी कमी दिसलं म्हणून गोड्या बाजूचा दोष पक्का होत नाही. खारं पाणी बंद पडलं तरी कूलंट उकळून टोपणातून निघून जातं आणि टाकी रिकामीच दिसते. उलट एक्स्चेंजरच्या नळीला भोक पडलं तर कूलंट खाऱ्या पाण्यासोबत समुद्रात जातं आणि बोटीच्या तळात एक थेंब सापडत नाही. प्रेशर टेस्टशिवाय हे सुटत नाही. काट्यावरही फार भरवसा नको. पाणी पार गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली दाखवू शकतो, मशीन पेटायच्या बेतात असलं तरी.

थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून तपासता येतो. त्यावर ८२ कोरलं असेल तर साधारण त्या अंशाला तो उघडायला लागला पाहिजे. कायमचा काढून टाकणं मला पटत नाही. डिझेल मशीन थंड चालतं, झिजतं, आणि काही मशीनांत तर बायपास उघडा राहून अर्धं पाणी एक्स्चेंजरला वळसा घालून जातं, म्हणजे जोर लावला की तापमान उलट वाढतं.

बोटीच्या पंख्याला (प्रोपेलरला) दोरी किंवा जाळं गुंडाळलं तरी मशीन तापतं, काळा धूर येतो आणि दोन्ही पाण्यांचा काही दोष नसतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा इम्पेलर काढून ठेवा. एकाच जागी दाबून राहिलेली पाती वाकलेल्या आकारात घट्ट होतात आणि नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच फेरीत तुटतात. काढला हे आठवावं म्हणून कॉकच्या मुठीला चिंधी बांधा, कारण इम्पेलरशिवाय सुरू केलेलं मशीन पहिली काही मिनिटं अगदी गुणी वागतं.