थुंकी गिळली तरच बीपी उतरतं

२००८ साली लंडनमध्ये काही धडधाकट माणसांना अर्धा लिटर बीटचा रस पाजला गेला. अडीच-तीन तासांत त्यांचं वरचं बीपी सुमारे १०नं आणि खालचं ८नं उतरलं. मग संशोधकांनी एक विचित्र अट घातली. रस प्यायचा, पण पुढचे तीन तास लाळ गिळायची नाही, थुंकत राहायचं. रस तेवढाच पोटात गेला, पण वरचं बीपी काही उतरलं नाही.

हा प्रयोग मला फार आवडतो, कारण बीपीचं एक सूत्र थेट आपल्या जिभेवर आहे हे तो दाखवतो.

बीटमध्ये काम करतं ते नायट्रेट. आपण शेतात युरिया टाकतो, मातीतले जिवाणू त्याचं शेवटी नायट्रेट करतात आणि झाड ते मुळांतून ओढून घेतं. पालक, माठ, मुळा, बीट यांच्यात ते भरपूर साठतं. आपल्या पेशींना मात्र नायट्रेटचं थेट फारसं काही करता येत नाही. आतड्यातून ते रक्तात जातं आणि त्यातला साधारण चौथा हिस्सा लाळग्रंथी पुन्हा तोंडात आणतात. जिभेच्या मागच्या खडबडीत भागात, हवा पोचत नाही अशा खाचांमध्ये जे जिवाणू राहतात, ते नायट्रेटमधला एक ऑक्सिजन काढून घेतात. उरतं ते नायट्राइट. ते आपण लाळेबरोबर गिळतो आणि पुढे जठरात व रक्तात त्याचा नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू होतो. तो रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करतो, वाहिनी रुंदावते, दाब उतरतो. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळीही याच वायूच्या जोरावर काम करते. या वायूची कामगिरी उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८चं नोबेल मिळालं.

जिवाणूच मारले तर? क्लोरहेक्सिडीनच्या माउथवॉशनं आठवडाभर चुळा भरल्यावर १९ निरोगी माणसांचं बीपी २ ते ३.५नं वाढलेलं आढळलं. हिरड्यांच्या आजारासाठी दंतवैद्यांनी काही दिवस दिलं असेल तर ते जरूर वापरावं. पण नुसता श्वास ताजा वाटावा म्हणून रोज जंतुनाशकानं तोंड खळखळवायची सवय मला तरी पटत नाही.

२०१५मध्ये बीपीच्या रुग्णांवर चार आठवडे चाचणी झाली. निम्म्यांना रोज पाव लिटर बीटचा रस, बाकीच्यांना तसाच, पण नायट्रेट काढून टाकलेला रस. खऱ्या रसानं वरचं बीपी सरासरी ७.७नं खाली आलं, रस थांबवल्यावर दोन आठवड्यांत ते पुन्हा मूळ पदावर गेलं. म्हणजे गोळ्या सोडून रस धरायचा, असं यातून अजिबात निघत नाही. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारूनच बीट वाढवावं, त्यात खडे व्हायला हातभार लावणारं ऑक्झलेट खूप असतं. स्वयंपाकात एवढं लक्षात ठेवावं की नायट्रेट पाण्यात विरघळतं. पालक उकडून पाणी ओतून दिलं तर त्यातलं बरंच नायट्रेट मोरीत जातं, ताकातल्या पातळ भाजीत ते वाटीतच राहतं.

आता विहिरीकडे येऊ, तिच्या पाण्यातही हेच नायट्रेट असतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची आपली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात जास्त नायट्रेटच्या जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड, जळगाव ही नावं आहेत. खत, शेणखताचे उकिरडे आणि संडासाचे शोषखड्डे, सगळ्यांचं नायट्रेट झिरपून विहिरीतच पोचतं.

नेमकं मर्यादेइतकं नायट्रेट असलेलं पाणी दोन लिटर प्यायलं तर ९० मिलिग्रॅम होतं, आणि शंभर ग्रॅम पालकात याहून जास्त असू शकतं. मग विहिरीचं पाणीही बीपीला चांगलंच की! नाही. भाजीतलं नायट्रेट एकटं येत नाही. सोबतचं क जीवनसत्त्व आणि इतर द्रव्यं पोटात नायट्रोसअमाइन ही कर्करोगाशी जोडलेली संयुगं होऊ देत नाहीत. पाण्याबरोबर ही राखण येत नाही. फ्रान्समध्ये लाखभर प्रौढांच्या पाहणीत, टिकवणीसाठी घातलेलं नायट्राइट ज्यांच्या खाण्यात जास्त, त्यांच्यात उच्च रक्तदाबही जास्त दिसला. असं नायट्राइट मुख्यतः सॉसेज-हॅमसारख्या मांसात असतं.

आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळ. त्याच्या रक्तात अशा पाण्यातल्या नायट्रेटपासून झालेलं नायट्राइट हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहू देत नाही, बाळ निळं पडतं. १९४५मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डॉक्टर कॉम्लींनी शेतावरच्या विहिरींशी याचा संबंध दाखवला. पावडरचं दूध कालवायला आई काळजीनं पाणी उकळून घेते. जंतू मरतात, पण वाफ होऊन जातं ते पाणी. नायट्रेट पातेल्यातच राहतं, आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण उलट वाढतं.