फाइव्हचं 'फाइफ' का होतं?

शेजारचा मुलगा मराठी शाळेत शिकलाय, आता पायलट व्हायचं म्हणतो. परवा जिन्यात एका काकांनी त्याला ऐकवलं, "तिथे गोऱ्यांसारखं फाडफाड इंग्रजी लागतं, बाबा!" पोराचं तोंड उतरलं. काकांचा समज अगदी चुकीचा आहे, म्हणून हे लिहितोय.

आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे पायलट आणि त्यांच्याशी रेडिओवर बोलणारे एटीसीचे, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाचे, कंट्रोलर, दोघांनाही इंग्रजीची चाचणी द्यावी लागते. 'आयसीएओ' या जागतिक संघटनेने 2003 मध्ये तसे नियम केले. पातळ्या 1 ते 6. काम करायचं तर किमान चौथी हवी आणि ती दर 3 वर्षांनी पुन्हा सिद्ध करावी लागते. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा अंगांनी तपासणी होते. इथे सरासरी काढत नाहीत. पाच ठिकाणी सहावी पातळी आणि एकाच ठिकाणी तिसरी असेल, तर निकाल तिसरी! आणि काकांनी हे जरूर वाचावं: सर्वोच्च पातळीवरही उच्चारात मातृभाषेची छटा चालते. ऐकणाऱ्याला समजायला अडचण होऊ नये, एवढंच पाहतात.

समजण्यावर इतका भर का, याचं उत्तर रेडिओत आहे. माणसाचा कान 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो, पण विमानाच्या रेडिओवरून आवाजाचा साधारण 300 ते 3,000 हर्ट्झच्या आसपासचा पट्टाच पलीकडे पोचतो. स्वरांची ओळख पटवणारे कंप बहुतेक याच पट्ट्यात असतात, म्हणून 'आ', 'ई' नीट कळतात. 'स', 'फ' यांसारख्या घर्षणाच्या व्यंजनांची बरीचशी ऊर्जा मात्र त्याच्या वर असते आणि ती वाटेतच कापली जाते. फोनवर नाव सांगताना 'एस फॉर सातारा' म्हणावं लागतं ते यामुळेच. आता इंग्रजीतले फाइव्ह आणि नाइन घ्या. दोन्हींच्या पोटात तोच 'आइ'. फरक फक्त कडेच्या व्यंजनांचा, आणि खरखरीत नेमक्या त्याच कडा झिजतात. म्हणून नियमानेच पाचाला 'फाइफ' आणि नवाला 'नाइनर' म्हणतात. नाइनरमध्ये उच्चाराचा एक तुकडा जास्त, त्यामुळे गोंधळाला जागाच उरत नाही. शाळेत असा उच्चार केला असता तर बाईंनी ओरडाच दिला असता!

आकडा चुकला तर काय होतं? 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाकस्तानचं विमान एकमेकांवर आदळलं. 349 माणसं गेली. कझाक विमानाला 15,000 फुटांवर थांबायला सांगितलं होतं, सौदी विमानाला 14,000 फुटांवर. कझाक विमान खाली उतरत राहिलं. एटीसीशी बोलत होता त्यांचा रेडिओ ऑपरेटर, आणि त्याच्यासमोर उंची दाखवणारं स्वतंत्र यंत्रही नव्हतं. कझाक वैमानिकांच्या इंग्रजीचा कच्चेपणाही चौकशीत पुढे आला.

ठराविक वाक्यं पाठ करून ही चाचणी निभत नाही. 'महिन्यात एव्हिएशन इंग्लिश, परदेशी ॲक्सेंटसह' अशा जाहिरातींवर पैसे घालवू नका. इंजिनातून धूर येतोय, प्रवाशाला झटका आलाय, हे साध्या शब्दांत सांगता येतं का, हे परीक्षक पाहतो. 1990 मध्ये न्यूयॉर्कजवळ कोलंबियाचं बोइंग 707 इंधन संपून कोसळलं आणि 73 जण गेले. इंधन संपत आल्याचं वैमानिकांनी कळवलं होतं, पण 'इमर्जन्सी' हा शब्द उच्चारला नव्हता.

त्या मुलाला मी 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वेगळे काढायला बसवलं नाही. आकडे म्हणायला लावले आणि मुद्दाम पुटपुटत उंची सांगितली. त्याने लगेच विचारलं, "से अगेन?" चाचणीच्या 'संवाद' या अंगात न कळलेलं असं विचारून पक्कं करून घेणं हेच तपासलं जातं.